एका ओळीत तीन आकडे: डेअरीच्या नोंदींवर शिकलेली पायथनमधली तपासणी

संध्याकाळी साडेसहाला आमच्या डेअरीसमोर किटल्यांची रांग लागते. संगमनेर तालुक्यातलं छोटं गाव, संकलन केंद्र आमच्याच पडवीत. आण्णा काट्यावर दूध मोजतात, मशीनवर फॅट बघतात, लॅक्टोमीटरची, म्हणजे दुधाची घनता दाखवणारी, डिग्री बघतात आणि मोठ्यानं सांगतात, "सतरा नंबर! चार पॉइंट दोन, सहा पॉइंट आठ, एकोणतीस." म्हणजे १७ नंबरच्या सभासदाचं ४.२ लिटर दूध, ६.८ फॅट, २९ डिग्री. मी लॅपटॉपवर टाइप करते आणि पावती हातात देते. त्यासाठीचा पायथन प्रोग्रॅम मीच लिहिलाय.

पहिला प्रोग्रॅम जेमतेम दहा ओळींचा होता. तिसऱ्याच दिवशी घाईत माझ्याकडून '६.८' ऐवजी '६..८' पडलं, दोन टिंबं. स्क्रीनवर लाल अक्षरं आली, 'कुड नॉट कन्व्हर्ट स्ट्रिंग टू फ्लोट', आणि प्रोग्रॅम बंद. तोवरच्या एकतीस जणांच्या नोंदी फाइलमध्ये उतरल्याच नव्हत्या, त्या गेल्या. लोकांकडून पावत्या परत मागून सगळं पुन्हा भरलं. त्या रात्रीपासून मी आकडे तपासण्याचा विषय नीट धरला. इथे तेच सांगते. उदाहरण दुधाचं आहे, पण वापरणाऱ्याकडून एकापेक्षा जास्त आकडे घ्यायचे असतील तिथे सगळीकडे हेच लागू पडतं.

पायथनचे शब्द मी उच्चाराप्रमाणे मराठीत लिहिते, टाइप करताना ते इंग्रजीत करायचे. पायथन ३ मध्ये फंक्शनची आणि व्हेरिएबलची नावं मात्र देवनागरीत चालतात. माझ्या फंक्शनचं नाव खरोखरच 'आकडा_वाचा' आहे.

इनपुट काय देतं, ते आधी पक्कं डोक्यात बसवा. पायथन ३ मध्ये इनपुट फंक्शन नेहमी मजकूर देतं, म्हणजे स्ट्रिंग. तुम्ही ४.२ टाइप केलं तरी हातात येतात ती तीन अक्षरं: चार, टिंब, दोन. त्याचा आकडा करायचं काम आपलं: दशांश आकड्यासाठी फ्लोट, पूर्णांकासाठी इंट. तीन आकडे एकाच ओळीत घेतले तर ती सगळी ओळ एक स्ट्रिंग असते, ती स्प्लिट करून तुकडे करायचे.

स्प्लिटच्या कंसात काहीही लिहू नका. कंस रिकामा ठेवला की मधे एक स्पेस असो, चार असोत की टॅब असो, तुकडे बरोबर तीनच पडतात. पुष्कळ जण कंसात एक स्पेस अवतरणात घालून देतात. मग आकड्यांमध्ये चुकून दोन स्पेस पडल्या की मधे एक रिकामा तुकडा तयार होतो, आणि फ्लोटला रिकामी स्ट्रिंग दिली की तो चिडतो. घाईत दोन स्पेस पडतातच.

तुकडे पाडल्यावर लगेच ते मोजा. आकड्यात बदलण्याआधी मोजायचे, हा क्रम महत्त्वाचा आहे. शिकवण्यांमध्ये सर्रास दाखवतात ती ओळ अशी असते: डावीकडे लिटर, फॅट, डिग्री अशी तीन नावं, उजवीकडे मॅप, जो प्रत्येक तुकड्यावर फ्लोट चालवतो, त्यात फ्लोट आणि इनपुटचं स्प्लिट. दिसायला सुटसुटीत आहे. पण कुणी दोनच आकडे टाकले तर इथे व्हॅल्यूएरर, म्हणजे 'दिलेली किंमत चालत नाही' ही चूक, येतो, आणि आकड्याच्या जागी अक्षर पडलं तरीही व्हॅल्यूएररच येतो. तुम्ही एक्सेप्टमध्ये, म्हणजे चूक आली तर काय करायचं ते लिहितो त्या भागात, 'फक्त आकडे टाका' असा निरोप लिहिलेला असतो. समोरच्यानं आकडेच टाकलेले असतात, फक्त एक राहिलेला असतो. तो पुन्हा तेच दोन टाकतो, पुन्हा तोच निरोप. म्हणून आधी लेनने लांबी बघा. तीन नसेल तर स्पष्ट सांगा: 'तीन आकडे हवेत, दोनच आले.'

आता एकेका तुकड्याकडे येऊ. 'आकडा_वाचा' हे फंक्शन चार गोष्टी घेतं: मजकूर, त्या आकड्याचं नाव, किमान आणि कमाल. परत दोन गोष्टी देतं: आकडा आणि चूक. सगळं ठीक असेल तर चुकीच्या जागी नन, म्हणजे पायथनचं 'काहीच नाही'. चूक असेल तर आकड्याच्या जागी नन आणि चुकीच्या जागी मराठी वाक्य. आत ट्राय आहे, म्हणजे 'करून बघ, चुकलं तर एक्सेप्टकडे जा', आणि ट्रायच्या पोटात एकच ओळ: फ्लोटमध्ये बदलण्याची. बाकीचा कोड ट्रायमध्ये कोंबू नका, नाहीतर दुसऱ्याच ओळीतली चूक त्याखाली झाकली जाते. एक्सेप्टपुढे व्हॅल्यूएरर असं नाव लिहा. नुसतं एक्सेप्ट लिहिलं तर कंट्रोल-सी दाबून बाहेर पडायचा प्रयत्नही तोच गिळतो. व्हाइल ट्रूच्या, म्हणजे थांबवल्याशिवाय न थांबणाऱ्या, लूपमध्ये असं झालं तर शेवटी अख्खी खिडकीच बंद करावी लागते.

आकडा आहे की नाही हे बघायला काही जण इझडिजिट वापरतात. दशांशासाठी त्याचा उपयोग नाही. '६.८' ला तो नाही म्हणतो, कारण टिंब हा अंक नव्हे. उणे चिन्हालाही नाही म्हणतो. उलट वर्गाचं छोटं दोन, जे चौरस मीटर लिहिताना वर काढतो, त्याला तो हो म्हणतो, आणि तेच इंटला दिलं की व्हॅल्यूएरर. म्हणून आधी विचारत बसण्यापेक्षा सरळ बदलून बघा आणि चूक आली तर पकडा.

आपल्या लोकांच्या खास कामाची एक गोष्ट. इंट आणि फ्लोट दोघांनाही देवनागरी अंक कळतात. आण्णांच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे, ते '६.८' मराठी अंकांत टाकतात आणि पायथन ते बिनबोभाट घेतं, वेगळं काही लिहावं लागत नाही. फक्त दोन ठिकाणी जपा. कोडमध्ये स्वतः आकडा लिहाल तिथे इंग्रजीच अंक हवेत, मराठी अंक लिहिला तर सिंटॅक्स एरर येतो. आणि सभासद क्रमांक स्ट्रिंग म्हणून शोधत असाल तर मराठीतला सतरा आणि इंग्रजीतला सतरा या पायथनच्या लेखी दोन वेगळ्या स्ट्रिंग आहेत. डिक्शनरीत, म्हणजे नाव किंवा क्रमांकावरून माहिती शोधायच्या पायथनच्या साठ्यात, सभासद सापडणारच नाही. दोन्ही बाजूंना आधी इंट करून घ्या, मग शोधा.

स्वल्पविरामाचं काय करायचं, यावर मी बरेच दिवस घातले. पैशांच्या रकमेत लोक '१,२०,०००' लिहितात, तिथे स्वल्पविराम काढून टाकणं बरोबर. म्हणून मी सगळीकडेच रिप्लेसनं तो काढत होते. मग एकदा टिंबाऐवजी शेजारचं बटण दाबलं गेलं आणि '३,५' चं ३५ झालं. तो फॅटचा आकडा होता, कमाल मर्यादा १२ होती म्हणून अडलं. पण लिटरच्या रकान्यात ३५ सहज खपलं असतं, मोठ्या गोठ्याचं तेवढं दूध येतं. आता माझा नियम असा: रकमेत स्वल्पविराम काढायचा, मापात स्वल्पविराम दिसला की आकडा परत पाठवायचा. प्रोग्रॅमनं आपल्या मनानं आकडा दुरुस्त करू नये, कारण त्यातून निघणारं बिल दुसऱ्याच्या घरचं असतं.

मर्यादेची अट कशी लिहायची, यात एक खाच आहे. दोन पद्धती सारख्याच वाटतात. एक: फॅट २ पेक्षा कमी किंवा १२ पेक्षा जास्त असेल तर नाकारा. दुसरी: २ <= फॅट <= १२ असेल तरच स्वीकारा. फरक पडतो तो 'नॅन' आला की. फ्लोटला 'एनएएन' ही तीन अक्षरं दिली तर तो चूक दाखवत नाही. 'आकडा नाही' या अर्थाची एक खास किंमत देतो, आणि तिची कशाशीही लहान-मोठी तुलना केली की उत्तर फॉल्स. पहिल्या पद्धतीत ती दोन्ही अटींतून निसटते आणि आत येते. दुसऱ्या पद्धतीत दारातच थांबते. टाइप करताना कुणी असं लिहीत नाही हे खरं, पण पुढे मशीनच्या फाइलमधून आकडे घ्यायला लागलात की रिकामे रकाने याच रूपात येऊ शकतात. एक नॅन बेरजेत शिरला की दहा दिवसांची अख्खी बेरीज नॅन होते. म्हणून अट कायम स्वीकारण्याच्या बाजूनं लिहा.

एकापेक्षा जास्त आकडे एकदम तपासताना नवीन मुलं हमखास अडकतात ते इथे. इफ लिटर अँड फॅट अँड डिग्री > ०. मराठीत वाचलं तर बरोबर वाटतं: लिटर आणि फॅट आणि डिग्री शून्यापेक्षा मोठे. पायथन मात्र शून्याशी तुलना फक्त डिग्रीची करतं. लिटर आणि फॅट नुसते शून्य नाहीत ना एवढंच बघतं, म्हणजे उणे ५ लिटरसुद्धा चालतं. प्रत्येकाची तुलना वेगळी लिहा, किंवा ऑल वापरा, जो सगळ्या अटी खऱ्या असतील तरच ट्रू म्हणतो. ऑलचीही एक गोम आहे: रिकामी यादी दिली तर तो ट्रू म्हणतो. कुणी काहीच न टाइप करता एंटर दाबलं, यादी रिकामी राहिली, आणि 'सगळे आकडे बरोबर' असा निकाल आला, हे मी स्वतः पाहिलंय. आधी मोजणी, मग ऑल.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो भाग. तीनपैकी एक आकडा चुकला तर काय करायचं?

सोपा मार्ग म्हणजे 'चूक आहे, पुन्हा टाका' म्हणायचं आणि तिन्ही पुन्हा मागायचे. मीही आधी तसंच केलं होतं. पण रांगेत पंधरा माणसं उभी, आण्णा पुढच्या किटलीकडे वळलेले, आणि मला बरोबर असलेले दोन आकडेही पुन्हा विचारावे लागायचे. पुन्हा टाइप करताना बरोबर असलेला आकडाच चुकायचा. शिवाय आधी काय चुकलं होतं हे कळायचंच नाही.

आता मी असं करते. वर एक यादी ठेवली आहे, तिच्यात तीन नोंदी: लिटर, ०.१ ते ८०. फॅट, २ ते १२. डिग्री, २० ते ३६. झिप वापरून या नोंदी आणि तीन तुकडे जोडीनं घेते आणि प्रत्येक जोडी 'आकडा_वाचा' मधून काढते. पहिली चूक सापडली म्हणून तिथेच थांबत नाही, तिन्ही तपासते. बरोबर निघालेले आकडे नावासकट एका डिक्शनरीत जातात, चुकलेले दुसऱ्या यादीत. मग फक्त चुकलेले मागते. स्क्रीनवर असं दिसतं:

लिटर, फॅट, डिग्री: ४.२ ६..८ २९
फॅट: '६..८' हा आकडा वाचता आला नाही. फक्त फॅट पुन्हा टाका:

माणसानं जे टाइप केलं ते निरोपात जसंच्या तसं दाखवा, अवतरणात. दोन टिंबं, शून्याऐवजी पडलेलं इंग्रजी 'ओ', मधेच राहिलेला स्वल्पविराम, हे डोळ्यांना लगेच दिसतं. मर्यादेबाहेरचा आकडा असेल तर मर्यादाही सांगा: 'डिग्री ९२ आली, २० ते ३६ मध्ये हवी.' त्यावरून २९ उलटं पडलंय हे टाइप करणाऱ्याला त्याच क्षणी कळतं.

झिपबद्दल एक इशारा. दोन्ही यादींची लांबी वेगळी असेल तर तो छोटी यादी संपली की गुपचूप थांबतो. चौथा आकडा आलाच तर तो कुठे गेला ते कळणारही नाही. म्हणूनच मघाशी मोजणी आधी करा म्हटलं. पायथन ३.१० पासून झिपला 'स्ट्रिक्ट' ट्रू देता येतं, मग लांबी जुळली नाही की तो स्वतःच चूक दाखवतो. मी दोन्ही ठेवलंय.

पुन्हा मागण्यासाठी व्हाइल ट्रू वापरा आणि आकडा बरोबर आला की ब्रेक. फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलवायची पद्धत काही जण वापरतात. त्यात आतल्या बोलावण्यापुढे रिटर्न लिहायचं राहून जातं आणि बरोबर आकडा टाकूनही बाहेर नन येतो. आणि लूपमधून बाहेर पडायला एक दार ठेवा. माझ्याकडे 'रद्द' लिहिलं की त्या माणसाची नोंद सोडून प्रोग्रॅम पुढे जातो. कधी किटली सांडते, कधी दूध नासलेलं निघतं. तेव्हा आकडा येणारच नसतो.

इतकं सगळं केल्यावरही जी चूक आत शिरली, ती आमच्या १७ नंबरच्या आजींची. आजींकडे एकच म्हैस. त्या संध्याकाळी ४.२ लिटर दूध आणि ६.८ फॅट होतं, मी उलटं टाइप केलं: ६.८ ४.२ २९. तिन्ही आकडे वाचता आले, तिन्ही मर्यादेत बसले. प्रोग्रॅमनं पावती दिली, आजींनी न बघता कनवटीला खोचली. दहा दिवसांनी बिल निघालं तेव्हा आजी दारात आल्या. म्हणाल्या, "पोरी, माझी म्हैस एका वेळी सात लिटर कधी देती? कुणाचं तरी दूध माझ्या नावावर चढलंय बघ. त्याचे पैसे मला नकोत."

आकड्यांच्या तपासणीत मला यापेक्षा मोठा धडा कुणी दिलेला नाही. त्यानंतर मी प्रश्न दोन भागांत विभागला. जे होऊच शकत नाही ते नाकारायचं: ९२ डिग्री, उणे लिटर. जे होऊ शकतं पण नेहमी होत नाही ते विचारायचं. नाकारण्याची मर्यादा ऐसपैस ठेवायची, कारण एखाद्या म्हशीचं फॅट खरंच १० लागतं आणि प्रोग्रॅमनं ते नाकारलं तर त्या शेतकऱ्यावर अन्याय होतो. विचारण्याची मर्यादा त्या माणसाच्या रोजच्या आकड्यांवरून काढायची.

त्यासाठी दुसरं फंक्शन आहे, त्याचं नाव 'शंका'. ते त्याच सभासदाची गेल्या सात दिवसांची त्याच वेळची सरासरी काढतं. सकाळची सकाळशी, संध्याकाळची संध्याकाळशी, कारण दोन वेळच्या दुधात फरक असतोच. नवा आकडा सरासरीपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त वर किंवा खाली असेल तर विचारतं. आजींचे आकडे यात लगेच सापडले असते: लिटर साठ टक्क्यांहून जास्त वर, फॅट सदतीस टक्के खाली, दोन्ही एकाच ओळीत.

आकडे एकमेकांशी जुळतात का, हेही तिथेच बघते. फॅट आणि डिग्री हातात असली की एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, निघतो: डिग्रीला चारनं भागायचं, त्यात फॅटच्या ०.२१ पट मिळवायचं, त्यात ०.३६ मिळवायचं. आम्ही हेच सूत्र धरतो. आजींचे खरे आकडे घातले तर ७.२५ अधिक १.४२८ अधिक ०.३६, म्हणजे ९.०४ च्या आसपास. उलटे घातले तर ८.४९. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून निघतो, म्हशीचा ६ आणि ९ धरून. सभासदाच्या नावापुढे 'म्हैस' लिहिलेलं आणि एसएनएफ गायीचा, इथे प्रोग्रॅमनं थांबून विचारायलाच हवं. एकेकटे आकडे खरे वाटतात, शेजारी ठेवले की खोटे पडतात.

विचारताना दोन गोष्टी पाळा. पहिली, 'बरोबर आहे का?' याला नुसतं एंटर हे उत्तर धरू नका. बोट सवयीनं एंटरवर पडतं. माझ्याकडे 'ह' टाइप करावं लागतं, आणि प्रश्नात आकडे नावासकट येतात: 'लिटर ६.८ (नेहमी ४.१), फॅट ४.२ (नेहमी ६.७). बरोबर?' दुसरी, फार विचारू नका. मी आधी दहा टक्क्यांची मर्यादा ठेवली होती, तेव्हा दर दुसऱ्या माणसाला प्रश्न यायचा. तीन दिवसांत मी न वाचता 'ह' दाबायला लागले होते.

किती आकडे येणार हे आधी माहीत नसेल, उदाहरणार्थ मोठ्या गोठ्याचे कॅन एकेक करून मोजताना, तर लूपमध्ये एकेक आकडा घ्या, यादीत टाका आणि रिकाम्या एंटरवर थांबा. प्रत्येक आकडा त्याच 'आकडा_वाचा' मधून जाऊ द्या. शेवटी 'कॅन ५, एकूण १९२.४ लिटर' असं वाचून दाखवा. कॅन डोळ्यांसमोर उभे असतात, पाच की चार ते कुणीही मोजतं.

पैशांचा हिशेब करताना फ्लोट सोडून डेसिमल घ्या, हा पायथनचा दशांश आकडे नेमके ठेवणारा प्रकार आहे. फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, शेपटीला बारीक कचरा लागतो, आणि तीनशे पावत्यांच्या बेरजेत तो पैशांत दिसू शकतो. डेसिमल थेट स्ट्रिंगपासून बनवा, आधी फ्लोट करून नको. पण बदल करताना एक्सेप्टची ओळही बदला. डेसिमलला चुकीचा मजकूर दिला तर व्हॅल्यूएरर येत नाही, इनव्हॅलिडऑपरेशन येतो, तो डेसिमल मॉड्यूलमधूनच आणावा लागतो. हे विसरलात तर '६..८' वर प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यासारखा बंद पडेल.

आणि प्रत्येक नोंद स्वीकारली की लगेच फाइलमध्ये लिहा. सगळं संपल्यावर लिहू असं ठरवू नका. माझ्या एकतीस नोंदी त्यातच गेल्या.

कोडला हात लावला की मी एक छोटी फाइल चालवते. तिच्यात आजवर चुकलेल्या ओळी आहेत आणि प्रत्येकीपुढे काय व्हायला हवं ते लिहिलंय. रिकामी ओळ, नुसत्या स्पेस, दोनच आकडे, चार आकडे, '६..८', '३,५', इंग्रजी 'ओ' असलेलं २.ओ, मराठी अंकांतली ओळ, एनएएन, उणे पाच, ९२ डिग्री. यांतली मराठी अंकांची ओळ आत यायला हवी, बाकीच्या सगळ्या अडायला हव्यात. सगळ्यात शेवटी '६.८ ४.२ २९', सभासद १७. ती नाकारायची नाही, तिथे प्रश्न यायला हवा. तो आला की मी फाइल बंद करते आणि पडवीतला दिवा लावते. सहा वाजलेले असतात, पहिली किटली दारात आलेली असते.